आज्जीचं निळं लुगडं आणि रघुबीर सिंह

आमच्या तलवाड्याच्या घरात, माळवदाच्या खोलीत, आज्जीचा एक फोटो आहे. घरातल्या मंडळींनी तो इतक्या वेळा पाहिलाय की आता कुणी पाहत नाही. फोटो मूळचा काळापांढरा. जत्रेत पडदा लावून बसलेल्या एका फोटोवाल्याने काढलेला, मागे रंगवलेला बंगला आणि कारंजं. आज्जी गेली १९७९ साली. त्यानंतर दादांनी तो मोठा करून घेतला आणि त्यावर हाताने रंग चढवून आणले. गालाला गुलाबी, कुंकवाला लाल, आणि लुगड्याला निळा. चांगला गडद, पारव्याच्या मानेसारखा निळा.

आता गंमत अशी की आज्जीकडे निळं लुगडं नव्हतंच. मला ती हिरव्यात आठवते. आमची आक्का म्हणते, "हिरवं कुठलं रं, जांभळं होतं, इरकली. मी घडी घालायचे की." धाकटे काका म्हणतात तिने उभ्या जन्मात दोनच लुगडी नेसली आणि दोन्ही धुऊन धुऊन एकाच रंगाची झाली होती. तो कोणता रंग, ते त्यांना सांगता येत नाही. रंगवणाऱ्याने आज्जीला पाहिलं नव्हतं. त्याच्या बशीत त्या दिवशी निळा रंग शिल्लक असणार. आणि आता आमच्या पोरांच्या डोक्यात पणजी निळ्याच लुगड्यात बसलीय. (आक्का, हे वाचून लगेच फोन करशील, ठाऊक आहे. कर.)

ह्या लुगड्याची आठवण झाली ती एका माणसाच्या पुस्तकांमुळे. तो ना मराठी, ना बीडचा. जयपूरचा. त्याचं नाव रघुबीर सिंह.

आधीच खुलासा करतो, कारण आपल्यापैकी इतिहासवेडी मंडळी हे नाव ऐकून भलतीकडे जातील. सीतामऊचे राजपुत्र आणि मराठ्यांच्या माळव्यातल्या इतिहासावर काम केलेले, रियासतकार सरदेसाई आणि जदुनाथ सरकारांच्या गोतावळ्यातले डॉ. रघुबीर सिंह ते वेगळे. भोपाळच्या वायुकांडाचे फोटो काढणारे रघु राय तेही वेगळे. ह्या तिघांची सरमिसळ मी स्वतः बरीच वर्षं केली, म्हणून सांगतो.

हे रघुबीर सिंह १९४२ साली जयपूरच्या एका ठाकूर घराण्यात जन्मले. शाळकरी वयात घरातच त्यांना आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्या फ्रेंच छायाचित्रकाराचं जयपूरवरचं १९४८ सालचं पुस्तक सापडलं. म्हणजे आपलंच गाव, आपल्याच घरातल्या पुस्तकात, परदेशी माणसाने काळ्यापांढऱ्यात दाखवलेलं. मुलगा पुढे दिल्लीला हिंदू कॉलेजात गेला आणि शिक्षण अर्ध्यात सोडलं. मग कलकत्त्याला, थोरल्या भावासारखी चहाच्या धंद्यात नोकरी मिळते का ते बघायला. ती मिळाली नाही. (चहाच्या कंपन्यांचे आपण आभार मानले पाहिजेत.) कॅमेरा हातात राहिला आणि हळूहळू तोच पोटापाण्याचा धंदा झाला. कलकत्त्यातच सत्यजित राय आणि तिथल्या लेखक-कलावंतांशी ओळखी झाल्या. १९६६ साली कार्तिए-ब्रेसाँ पुन्हा जयपूरला आले, तेव्हा ह्या चोवीस वर्षांच्या पोराला त्यांना रस्त्यावर काम करताना जवळून पाहायला मिळालं.

रस्त्यावर काम कसं करायचं हे तो त्यांच्याकडून शिकला. लहान कॅमेरा, पडदा नाही, दिवा नाही, "इकडं बघा" नाही. चालत राहायचं आणि जमून आलेला क्षण टिपायचा. फक्त एका बाबतीत त्याने गुरूचं ऐकलं नाही. कार्तिए-ब्रेसाँना रंग आवडत नसे. ह्याने सुरुवातीपासून रंगच धरला.

आज हे वाचताना त्यात विशेष वाटत नाही. मोबाईलमध्ये सगळंच रंगीत, उलट काळंपांढरं करायला बटण दाबावं लागतं. पण त्या काळात 'गंभीर' छायाचित्रण म्हणजे काळंपांढरंच, असा जगभर दंडक होता. रंग कशासाठी? जाहिरातींसाठी, क्यालेंडरांसाठी, हौशी लोकांच्या सहलींसाठी. वॉकर इव्हान्ससारख्या मोठ्या अमेरिकन छायाचित्रकाराने रंगीत छायाचित्रण म्हणजे गावंढळपणा असं लिहून ठेवलं होतं. (पुढे त्यानेच म्हातारपणी पोलरॉइडवर रंगीत फोटो काढले, ते सोडा.) न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९७६ साली विल्यम एगल्स्टन ह्यांचं रंगीत छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं, त्यावर समीक्षक तुटून पडले. आज त्याच प्रदर्शनापासून रंगीत छायाचित्रणाला कला म्हणून मान मिळाला असं पुस्तकांतून सांगतात.

आता तारखा बघा. रघुबीर सिंहांचा गंगेवरचा पहिला ग्रंथ निघाला १९७४ साली. मुंगेरला गंगाकाठी पावसात एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या बायकांचा त्यांचा प्रसिद्ध रंगीत फोटो आहे १९६७ सालचा. म्हणजे न्यूयॉर्कात रंगाला मान्यता मिळायच्या नऊ वर्षं आधी हा माणूस बिहारच्या पावसात रंगीत फिल्म घालून उभा होता. अमेरिकेतही सॉल लायटर, हेलन लेव्हिट, जोएल मायरोविट्झ असे लोक रस्त्यावर रंगीत काम करत होतेच, तेव्हा 'जगात पहिला' वगैरे बिरुदं मी लावत नाही. पण पहिल्या थोड्यांतला एक, आणि आपल्याकडचा, एवढं नक्की.

ती फिल्म होती कोडॅक्रोम. ह्या फिल्मची गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा विषयांतर. १९३५ साली बाजारात आलेली ही फिल्म शोधली दोन वादकांनी. एक पियानो वाजवणारा, दुसरा व्हायोलिन. मॅनेस आणि गोडॉव्स्की. दोघांचंही पाळण्यातलं नाव लिओपोल्ड! ह्या फिल्मची खुबी अशी की ती मुळात काळीपांढरीच. तिच्यात चांदीच्या क्षारांचे तीन थर. एक लाल, एक हिरवा, एक निळा प्रकाश टिपणारा. पण रंगद्रव्य फिल्ममध्ये नसेच. ते प्रयोगशाळेत धुताना एकेका थरावर चढवायचे. म्हणजे आमच्या आज्जीच्या फोटोवाल्याने केलं तेच की! काळ्यापांढऱ्यावर मागाहून रंग. फरक एवढाच की कोडॅक्रोममध्ये कोणता रंग कुठे चढवायचा ते प्रकाशाने आधीच लिहून ठेवलेलं असे आणि आमच्याकडे ते रंगवणाऱ्याच्या बशीने ठरवलं.

ह्या फिल्मवर काम करणं सोपं नव्हतं. वेग कमी, म्हणजे उजेड भरपूर लागणार. वर ती स्लाईडची फिल्म, निगेटिव्ह नाही. प्रिंट काढताना उजेड कमीजास्त करून चूक झाकता येत नाही. बटण दाबलं तेव्हा जे झालं ते झालं. भर बाजारात, अर्धं ऊन अर्धी सावली, माणसं हलताहेत, आणि तरी उजेडाचा अंदाज अचूक. ज्यांनी स्लाईड फिल्मवर एक तरी रोल वाया घालवलाय त्यांनाच ह्यातलं कौतुक कळेल.

मी स्वतः त्यांचं पहिलं पुस्तक पाहिलं ते १९९८ साली, मुंबईत, उभ्याउभ्या. तेव्हा मी नोकरीसाठी मुंबईत होतो आणि संध्याकाळी फोर्टात फाउंटनजवळच्या पदपथावर जुनी पुस्तकं चाळत बसणं हा माझा फुकटातला करमणुकीचा कार्यक्रम होता. तिथे एका ढिगात 'बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया' सापडलं. १९९४ सालचं पुस्तक. सुरुवातीला प्रस्तावनेऐवजी व्ही. एस. नायपॉल आणि रघुबीर सिंह ह्यांच्या गप्पा. किंमत विचारली आणि पुस्तक खाली ठेवलं. विक्रेता भला माणूस. म्हणाला, "बघा ना, बघायला कुठे पैसे लागतात." मग मी आठवडाभर रोज संध्याकाळी जाऊन दहा-पंधरा पानं बघत होतो. एका संध्याकाळी गेलो तर पुस्तक गेलेलं. विकलं गेलं ह्याचा त्याला आनंद आणि मला घरातलं माणूस गेल्यासारखं.

त्या पुस्तकातली मुंबई मी रोज बघत होतो आणि तरी पाहिली नव्हती. केम्प्स कॉर्नरच्या दुकानाच्या काचा. काचेत आतला माल, बाहेरचा रस्ता आणि येणारीजाणारी माणसं असं सगळं एकावर एक चढलेलं. झवेरी बाजारात दागिन्यांच्या झगझगीत दुकानाबाहेर फळवाला आणि कडेवर मूल घेतलेला मुलगा. चौपाटीवरचं गणपती विसर्जन. धारावी. बहुतेक फोटो १९८० च्या दशकाच्या शेवटापासून १९९० च्या सुरुवातीपर्यंतचे. ज्या वर्षी पुस्तक निघालं त्याच्या आधीच्याच वर्षी मुंबईने दंगली आणि १२ मार्चचे बॉम्बस्फोट पाहिले होते, आणि पुढच्याच वर्षी शहराचं अधिकृत नाव 'मुंबई' झालं. म्हणजे 'बॉम्बे' नावाचं शहर संपता संपता काढलेला त्याचा हा रंगीत पंचनामा आहे असं म्हणायला हरकत नाही.

काच आणि आरसे ह्यांचा ह्या माणसाला भारी नाद. आणि चौकटीच्या आत चौकट. खांब, दार, गाडीची खिडकी काहीतरी मध्ये आणून चित्राचे दोन-तीन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात वेगळं काही चाललेलं दाखवायचं. ली फ्रीडलँडर ह्या अमेरिकन छायाचित्रकाराचा हा प्रभाव, असं जाणकार म्हणतात. असेलही. मला मात्र राजस्थानी लघुचित्रं आठवली. तिथेही एका सज्जात राणी, एका कोपऱ्यात दासी, खाली हत्ती, वर ढग, आणि सगळं एकाच वेळी. कोण नायक आणि कोण नोकर ते तुम्ही ठरवा. आपल्या एस्टी स्टँडवर दुसरं काय दिसतं? मुंबईतल्या गर्दीत मी गेवराईच्या स्टँडवरून आलेला माणूस. मला ती चित्रं अगदी ओळखीची वाटली.

पुढच्या वर्षी, १८ एप्रिल १९९९ ला, न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने ते गेले. वय अवघं ५६. मला ते फार उशिरा कळलं.

मग मी एकेक पुस्तक शोधत गेलो. ग्रंथालयातून, मित्रांकडून, एक मामेभावाने अमेरिकेतून आणलेलं. हा माणूस प्रदर्शनापेक्षा पुस्तक हेच आपलं खरं काम मानायचा असं वाटावं इतकी पुस्तकं आहेत. पंचवीस वर्षांत डझनभराहून अधिक. राजस्थानवरचं १९८१ चं, सत्यजित राय ह्यांच्या प्रस्तावनेसह. काश्मीर १९८३ (त्याच वर्षी पद्मश्री). मग केरळ, बनारस, कलकत्ता. १९९२ साली पुन्हा गंगा. १९९५ साली ग्रँड ट्रंक रोड. त्यानंतर तमिळनाडू, त्यात आर. के. नारायण ह्यांच्याशी गप्पा. आणि १९९८ साली 'रिव्हर ऑफ कलर', सगळ्या कामाचा निवडक संग्रह. स्वतः हाँगकाँग, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क अशा ठिकाणी राहिले, 'नॅशनल जिऑग्राफिक'सारख्या मासिकांची कामं केली, शिकवलं न्यूयॉर्कला. पण पुस्तकं सगळी इथली. पाय परदेशात आणि डोळे इथे, अशी आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या मुलांची आज अवस्था आहे, त्यामुळे त्याचं आश्चर्य वाटत नाही.

ते गेल्यावर २००२ साली आलेलं 'अ वे इंटू इंडिया' मला सगळ्यात खट्याळ वाटतं. सगळं पुस्तक अँबेसेडर गाडीबद्दल! गाडी कुठे समोर, कुठे तिच्या खिडकीतून बाहेरचा देश, कुठे नुसता आरसा. एकेकाळी साहेबलोकांची ती एकच गाडी. आमच्या गावात अँबेसेडर आली की एक तर पुढारी आला किंवा नवरदेव. २०१४ साली ती बनायची बंद झाली. आता त्या पुस्तकातला देश आणि गाडी दोन्ही एकदमच जुनी झाली.

गंगेचं पुस्तक मात्र मी वेगळ्याच नजरेने पाहिलं. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेला पूर आला, गंगेवर जाऊन आलो, पलीकडचा तो गंगथडीचा. लहानपणी मला खरोखर वाटायचं की भूगोलाच्या पुस्तकातली गंगा आपल्या राक्षसभुवनावरून जाते. तेच राक्षसभुवन, जिथे १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. शनीचं ठिकाण म्हणून आता लोकांना माहीत. त्या पुस्तकात हिमालयापासून समुद्रापर्यंत गंगा आहे. घाट, पूर, सर्कशीसारख्या उड्या मारणारी पोरं, चिता, बाजार. मी पानं उलटत होतो आणि मनात सारखं येत होतं, आमच्या गंगेचा असा एक तरी रंगीत फोटो कुणी काढलाय का? जायकवाडीच्या आधीचा?

मराठवाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पडत असेलच. निजामाच्या राज्यात छायाचित्रकार नव्हते असं नाही. राजा दीनदयाळांसारखा थोर माणूस तिथे दरबारी छायाचित्रकार होता. पण कॅमेरा बहुतेक वेळा महालांकडे, शिकारींकडे, लेण्यांकडे वळलेला. दुष्काळी कामांसारखे अपवाद सोडले तर तुमच्याआमच्या गावचा रस्ता कुणाच्या कामाचा नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ नंतरही फोटोवाला यायचा तो लग्नात, सत्काराला, आणि माणूस गेल्यावर. चालत्या रस्त्याचा फोटो काढायला फिल्म कोण फुकट घालवणार? १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरातली निम्मी माणसं खडी फोडायला होती, आज्जीसुद्धा. त्याचा घरात एक फोटो नाही. आज्जीचा जो आहे तो कारंज्यापुढचा.

रघुबीर सिंहांचं एक म्हणणं होतं आणि त्यावरून माझा मनातल्या मनात त्यांच्याशी बरीच वर्षं वाद चालू आहे. 'रिव्हर ऑफ कलर'च्या प्रस्तावनेत ते म्हणतात (माझ्या शब्दांत सांगतो) की काळंपांढरं हे पश्चिमेचं. तिथली अपराधाची जाणीव, एकटेपणा, खिन्नता त्यात उतरते. भारतीय माणूस मात्र आधीपासून रंगातच पाहतो, रंगातच विचार करतो. सौंदर्य, निसर्ग, माणुसकी आणि अध्यात्म ह्यांवर आपली संस्कृती उभी आहे, तेव्हा इथला छायाचित्रकार रंग सोडून जाऊच शकत नाही.

वाचायला फार गोड. आणि अर्धं मला पटतंही. आपल्या लोकांनी फोटोला हाताने रंग लावले ते उगीच का? काळीपांढरी आई देवघरात कशी लावायची, हे दुःख खरंच होतं. पण मग राय ह्यांचं काय? ज्यांना हे स्वतः एवढं मानत त्यांचा 'पथेर पांचाली' काळापांढरा, आणि त्यापेक्षा भारतीय काय असतं? सुनील जनांनी टिपलेला १९४३ चा बंगालचा दुष्काळ काळापांढरा. विधवेच्या पांढऱ्या लुगड्याचं काय? आणि मार्च-एप्रिलातला आमचा बालाघाट कोणत्या रंगात पाहायचा? तिथे सगळंच एका मातकट रंगाचं असतं. राजस्थानच्या माणसाला रंग हा उजाडपणावरचा उतारा वाटला असेल. वाळवंटात फेटा लाल लागतो. आमच्याकडे पण लागतो म्हणा... दसरा झाला की ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांच्या ट्रॅक्टरवर बघा. भांडी, कोंबड्या, पोरं, आणि बायकांच्या साड्यांचे रंग. खाली अर्ध्या वर्षाची वनवासाची वाट आणि वर हे रंग. तो फोटो काळ्यापांढऱ्यात काढला तर नुसती कीव येईल, आणि त्या बायकांना कीव नको असते. म्हणजे इथे पुन्हा रघुबीर सिंहच बरोबर निघतात. हा वाद मिटत नाही, असो.

दुसरा वाद मात्र असा 'असो' म्हणून सोडता येत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन मेट ब्रॉयरमध्ये भरवलं, 'मॉडर्निझम ऑन द गँजेस' नावाचं. मामेभावाने कौतुकाने त्याचं पुस्तक पाठवलं. आणि डिसेंबरात बातमी आली की एका स्त्री कलावंताने त्याच संग्रहालयाच्या दाराशी निदर्शनं केली. १९९० च्या दशकात भारतातल्या एका दौऱ्यात ह्यांनी आपल्यावर लैंगिक अत्याचार केला असा तिचा आरोप. माणूस जाऊन अठरा वर्षं झालेली. उत्तर द्यायला तो नाही, आणि न्यायालयात काही सिद्ध होण्याची वाट उरलेली नाही. मी पंधरा दिवस ते पुस्तक उघडलं नाही. नंतर उघडलं. हे लिहिताना तो परिच्छेद गाळावा असं एकदा वाटलं, कारण वाचणाऱ्यांत घरच्या पोरीबाळीही आहेत. मग वाटलं, त्या आहेत म्हणूनच गाळू नये. त्या बाईचं बोलणं मी खोटं मानत नाही आणि मुंगेरच्या पावसातल्या बायकांचा फोटोही मला विसरता येत नाही. ह्याच्या पुढचं मला जमलेलं नाही.

जाताजाता एक चांगली गोष्टही नोंदवायला हवी. मुंबईच्या सूनी तारापोरवाला ह्यांनी आपल्या पारशी समाजाची जी अप्रतिम छायाचित्रं काढली, त्यांचं पुस्तक कर असं १९८० च्या दशकात त्यांना सुचवणारे हेच. आपल्या माणसांचे, आपल्या आजी-आजोबांचे, रोजचे फोटो. ते पुस्तक व्हायला बरीच वर्षं लागली, पण झालं.

तर आता माझी गोष्ट. ते मुंबईचं पुस्तक पदपथावरून नाहीसं झालं त्याच वर्षी मी नवरात्राला गावी गेलो. सोबत मित्राची यशिका आणि छत्तीसचा एकच रंगीत रोल. डोक्यात रघुबीर सिंह संचारलेले! त्वरितादेवीच्या दर्शनाची गर्दी, नारळ-हळदीकुंकवाच्या राशी, बांगड्यांची दुकानं, गुऱ्हाळाचा... छे, गुऱ्हाळ नव्हतं, रसवंती होती. म्हटलं, आता तलवाड्याचा झवेरी बाजार करून सोडतो.

कसलं काय. कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचा माणूस ताठ. टोपी सरळ, हात मांडीला चिकटलेले, श्वास रोखलेला. बांगडीवाली म्हणाली, "थांब रं बाळा, तोंड धुऊन येते." एक म्हातारबाबा म्हणाले, "पैशे किती घेशील?" आणि फुकट म्हटल्यावर त्यांनी संशयाने कॅमेऱ्याकडे पाठ केली. पोरांनी तर रांगच लावली. रस्त्यावर न कळत टिपायचं हे मुंबईत, अनोळखी गर्दीत जमतं. गावात तुम्ही अमक्याचा पोरगा असता. न कळत कसलं, तुमच्या येण्याची बातमी तुमच्या आधी पोचलेली असते. छत्तीसपैकी पस्तीस फोटो म्हणजे उघड्यावरचा स्टुडिओ.

एक तेवढा सुटला. मी रोल पुढे सरकवत होतो आणि बोट पडलं. वाकडा आलाय. डावीकडे अर्धा खांब, उजवीकडे कुणाची तरी पाठ, मध्ये बांगड्यांच्या दुकानातला टांगलेला आरसा, आणि आरशात हात पुढे करून बांगड्या भरून घेणारी आक्का. तिची जांभळी साडी, दुकानाची पिवळी ताडपत्री, हिरव्या बांगड्या. हा एकच फोटो मला खरा वाटतो.

वाटायचा, असं म्हणायला हवं. कारण त्याची निगेटिव्ह घर बदलताना गेली. ओल लागलेल्या एका खोक्यात होती, चूक सर्वस्वी माझी. आणि प्रिंट उडत चाललीय. त्या काळच्या साध्या रंगीत प्रिंटांचं हेच होतं. आधी एखादा रंग विरतो आणि मग सगळ्याचीच छटा बदलते. कोडॅक्रोमचं तसं नाही. अंधारात नीट ठेवली तर ती दशकानुदशकं टिकते. मागाहून चढवलेले रंग, पण पक्के. त्यामुळे १९६७ च्या मुंगेरचा पाऊस अजून ताजा आहे आणि १९९८ चं तलवाडं विटलंय. कोडॅक्रोम २००९ साली बनायची थांबली आणि २०१० च्या डिसेंबरअखेर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स गावच्या शेवटच्या प्रयोगशाळेने ती धुणं बंद केलं. म्हणजे आता कुणाच्या फडताळात एखादा न धुतलेला रोल सापडला तरी त्यातले रंग पूर्वीसारखे कुणी काढून देऊ शकत नाही.

गेल्या दिवाळीत पुतण्याने तो माझा फोटो स्कॅन केला आणि संगणकावर 'दुरुस्त' करून आणला. छान केलाय, चकचकीत. ताडपत्री पिवळी झाली. फक्त आक्काची साडी निळी झालीय. म्हटलं, अरे, ही जांभळी होती. तो म्हणाला, "काका, कॉम्प्युटरला कसं कळणार? तुम्ही सांगा, तसा करतो."

मी आक्काला फोन लावला. आक्का म्हणाली, "त्या साली? त्या साली माझ्याकडं जांभळी कुठली रं? मोरपंखी होती. मोठ्या वन्सांनी दिलेली."

तर मंडळी, तलवाड्याच्या, गेवराईकडच्या कुणाकडे १९७० ते २००० मधला रस्त्याचा, बाजाराचा, स्टँडचा, गंगेच्या पुराचा रंगीत फोटो असेल, अगदी वाकडातिकडा, बोट आलेला, कुणाचं डोकं कापलेला, तर मला पाठवा. मूळ नको, स्कॅन चालेल. स्कॅन करताना रंग 'दुरुस्त' करू नका. मागे तारीख लिहिलेली असेल तर तिचाही फोटो काढा. आणि त्यात कुणी नऊवारीतली बाई असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारून लुगड्याचा रंग लिहून पाठवा.